निकाल नागपूरचा, कागद वर्ध्याचा

गावात खून झाला की पोलीस आधी जागा अडवतात आणि मग दोन माणसं शोधू लागतात. ही माणसं म्हणजे पंच. हाताशी कोण आहे त्यावर पंच ठरतो. डवरणीला निघालेला गडी, पानठेल्यावर उभा असलेला पोरगा, ग्रामपंचायतीचा शिपाई, कोणीही चालतं. त्याच्यासमोर रक्त सांडलेली माती एका पुडीत बांधतात, थोड्या अंतरावरची साधी माती दुसऱ्या पुडीत. पुड्यांवर लाखेचं सील, सीलखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर पंचांची सही. जमादार भराभर लिहीत असतो आणि पंचाचं अर्धं लक्ष राहिलेल्या कामाकडे असतं. ‘इथं सही कर’ म्हटलं की तो करतो.

ती सही पुढं कुठवर जाते याची त्याला कल्पना नसते. आधी ती वर्ध्याच्या किंवा हिंगणघाटच्या सत्र न्यायालयात जाते. तिथं त्या कागदाला क्रमांक पडतो आणि तो ‘निशाणी’ होतो. काही वर्षांनी तीच निशाणी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दोन न्यायमूर्तींपुढं उघडते. खुनाची शिक्षा टिकणार की नाही, याचा निर्णय बऱ्याचदा अशाच कागदावर होतो.

वर्धा जिल्ह्याला खुनाचा खटला म्हटला की आधी हिंगणघाट आठवतं. 3 फेब्रुवारी 2020च्या सकाळी नांदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं. आठवडाभराने, 10 फेब्रुवारीला, नागपूरच्या रुग्णालयात तिनं प्राण सोडला. हिंगणघाटच्या सत्र न्यायालयानं आरोपीला जन्मठेप सुनावली ती 10 फेब्रुवारी 2022ला, तिच्या मृत्यूला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी. गावाच्या लेखी तिथं प्रकरण संपतं. कायद्याच्या लेखी मात्र सत्र न्यायालयाचा निकाल हा मधला टप्पा असतो. गुन्हा कितीही क्रूर असो, सत्र न्यायालयात दोषी ठरलेल्या माणसाला उच्च न्यायालयात एक अपील हक्कानं करता येतं. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मुदत जन्मठेपेला 60 दिवसांची, फाशीला 30 दिवसांची. उशीर झाला तर कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. वकील करण्याची ऐपत नसेल तर कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अर्ज पाठवतो आणि विधी सेवा समिती त्याला वकील देते. फाशीचं तर आणखी वेगळं. कैद्यानं अपील केलं नाही तरी सत्र न्यायालयाला सगळे कागद स्वतःहून उच्च न्यायालयाकडे पाठवावे लागतात. उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय फाशी अमलात येऊच शकत नाही.

वर्ध्याच्या बाबतीत उच्च न्यायालय म्हणजे नागपूर. नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय 2 जानेवारी 1936ला सुरू झालं. तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होता. 1956च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचं स्वतंत्र न्यायालय गेलं आणि तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं काम सुरू झालं. मालकी बदलली, वाट बदलली नाही. वर्ध्याचा खुनाचा खटला तेव्हाही नागपूरला जात होता, आजही जातो.

पण नागपूरला जातं ते नेमकं काय? साक्षीदार जात नाहीत. पंच, डॉक्टर, तपास अधिकारी यांपैकी कुणाला सहसा पुन्हा पिंजऱ्यात उभं करत नाहीत. जातं ते खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड: साक्षीदारांचे जबाब, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आणि आरोपीला एकेक पुरावा दाखवून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. हे सगळं बांधून ‘पेपर बुक’ तयार होतं आणि दोन्ही बाजूंचे वकील त्यातली पानं दाखवत युक्तिवाद करतात. अगदीच गरज भासली तर नवा पुरावा घेण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, पण तो क्वचित वापरला जातो.

सत्र न्यायाधीशांनी साक्षीदाराला डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तो अडखळला कुठं, आरोपीकडे बघून गप्प झाला कधी, हे त्यांना दिसतं. नागपूरच्या न्यायमूर्तींना दिसतो तो टाइप केलेला परिच्छेद. म्हणून साक्षीदार खरा वाटला की खोटा, याबाबत वरचं न्यायालय खालच्या न्यायाधीशाच्या मताला मान देतं. पण मान देणं म्हणजे डोळे मिटून सही करणं होत नाही. दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलात सगळा पुरावा नव्यानं तपासणं हे उच्च न्यायालयाचं कर्तव्य आहे. आरोपीचा वकील तारखेला आला नाही म्हणून अपील फेटाळता येत नाही, गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996मध्ये बनी सिंग खटल्यात स्पष्ट केलं.

कागद वाचताना न्यायमूर्ती काय शोधतात, ते नागपूरच्याच दोन जुन्या प्रकरणांतून चांगलं कळतं.

पहिलं खुनाचं नाही, पण खुनाच्या शेकडो निकालांत त्याचा दाखला निघतो. जुन्या मध्य प्रदेशचे अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर सिवनीच्या मद्य कारखान्याच्या ठेक्यात बनावट कागद केल्याचा आरोप होता. भांडण एका टाइप केलेल्या पत्रावरून होतं. पत्रावर तारीख नोव्हेंबर 1946ची. सरकार पक्ष म्हणत होता की ज्या टंकयंत्रावर ते टाइप झालं, ते यंत्र नागपुरात आलंच डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे तारीख मागची घातली आहे. खालच्या न्यायालयांना हे पटलं. सर्वोच्च न्यायालयानं 1952मध्ये शिक्षा रद्द केली. अक्षर कुठल्या टंकयंत्राचं आहे हे सांगणाऱ्या तज्ज्ञाचं मत त्या काळच्या पुरावा कायद्यात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं (हा मुद्दा 1996मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच बदलला). पण निकालाचा गाभा दुसराच होता. पाहणारा कुणी नसेल आणि सगळी भिस्त परिस्थितीवर असेल, तर प्रत्येक दुवा आधी पुराव्यानं पक्का व्हायला हवा. दुवे जुळवता जुळवता मन स्वतःच मधले खड्डे बुजवू लागतं, आणि न्यायाधीशानं सावध राहायचं ते स्वतःच्या या सवयीपासून.

दुसरं प्रकरण थेट खुनाचं. फेब्रुवारी 1956, नागपूर. दोन गटांच्या वैरातून रात्री एका माणसावर तलवारी-भाल्यांचे वार झाले. त्याला मेयो हॉस्पिटलमध्ये नेलं. त्याच रात्री काही तासांच्या आत त्यानं डॉक्टरला, पोलीस अधिकाऱ्याला आणि दंडाधिकाऱ्याला, अशा तीन वेळा मारणाऱ्यांची नावं सांगितली. दुसऱ्या दिवशी तो गेला. नावं दोन होती: खुशाल आणि तुकाराम.

मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही. मग त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणाला फाशी द्यावी का? ‘खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1957मध्ये सांगितलं की देता येईल, दुसरा पुरावा हवाच असा नियम नाही. मात्र तो जबाब कसोटीला उतरला पाहिजे. सांगणाऱ्यानं मारेकऱ्याला नीट पाहिलं होतं का, अंधार होता की उजेड, पुन्हा पुन्हा सांगताना नाव बदललं का, पहिल्या संधीलाच सांगितलं की नातेवाइकांशी बोलल्यावर, हे सगळं तपासायचं. खुशालच्या बाबतीत जबाब टिकला आणि शिक्षाही टिकली. तुकाराम मात्र सुटला. वस्तीत तुकाराम नावाचे एकाहून जास्त लोक होते आणि मरणाऱ्यानं सांगितलेला तुकाराम तो हाच, अशी खात्री पटेना. माणूस तोच, जबाब तोच, लिहून घेणारेही तेच. एका नावापुढं पुरेशी ओळख होती आणि दुसऱ्यापुढं नव्हती, एवढ्यानं दोन निकाल झाले.

1957चा हा निकाल आजही जळीत प्रकरणांत पानोपानी निघतो. म्हणून वॉर्डात जबाब घेताना रुग्ण शुद्धीवर आणि बोलण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरचा शेरा, त्याखाली वेळ, आणि शक्यतो रुग्णाच्याच बोलीतले शब्द या गोष्टी जपायच्या असतात. त्या रात्री घाईत सोडलेली एक ओळ पाच वर्षांनी नागपुरात कुणालाही भरून काढता येत नाही.

परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी पुढं पुण्याच्या एका खटल्यात आणखी काटेकोर झाली. जून 1982मध्ये तिथं एका नवविवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1984मध्ये पती निर्दोष सुटला. तिनं आधी लिहिलेल्या पत्रांतून तिचं दुःख दिसत होतं. पण त्याच दुःखातून आत्महत्याही होऊ शकते, आणि ती शक्यता पुराव्यानं मिटली नव्हती. या निकालातल्या पाच अटींना वकील मंडळी ‘पंचशील’ म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी. तिचा रोख आरोपीच्या दोषाकडेच हवा. ती निर्णायक हवी. दुसरा कुठलाही अर्थ उरता कामा नये. आणि दुवे जोडून बनलेल्या साखळीत कुठं तुटलेलं नको.

यातली पहिली अट मराठी माणसाला क्रियापदावरूनच कळेल. ‘यानं केलं असेल’ आणि ‘यानंच केलं’. चावडीवर दोन्ही एकाच दमात बोलली जातात. कोर्टात त्यांच्यात मोठी दरी आहे. महाराष्ट्रातल्याच शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात 1973मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या दरीवर बोट ठेवलं. गंमत अशी की संशयाचा फायदा मागणारे वकील ज्या निकालाचा दाखला देतात, त्या निकालात आरोपींची शिक्षा कायम झाली होती. क्षुल्लक शंका काढून दोषींना सोडत राहिलं तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल, असा इशाराही त्यातच आहे. अपील न्यायालयाला या दोन भानांच्या मधून चालावं लागतं.

आता पुन्हा आपल्या पंचाकडे येऊ. ग्रामीण खटल्यात एक दृश्य ठरलेलं असतं. आरोपी अटकेत आहे आणि म्हणतो, ‘मी त्याला मारलं, कुऱ्हाड धुऱ्यावरच्या बोरीखाली पुरली आहे, चला दाखवतो.’ दोन पंचांसमोर हे लिहून घेतात, मग सगळे जीपमधून जातात आणि कुऱ्हाड निघते. पोलिसांपुढं दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा होत नाही, कारण ती मारहाणीनं घेतलेली असू शकते. म्हणून ‘मी त्याला मारलं’ हा भाग न्यायालय वगळतं. ‘कुऱ्हाड बोरीखाली पुरली आहे’ एवढा भाग राहतो, कारण त्या सांगण्यातून वस्तू खरंच सापडली. वाक्य कुठं कापायचं, हे प्रिव्ही कौन्सिलनं 1946मध्ये पुलुकुरी कोट्टया खटल्यात ठरवून दिलं. पुरावा कायदा 2024मध्ये बदलला तरी हे तत्त्व तसंच आहे.

पण उरलेल्या अर्ध्या वाक्यालाही पाय हवेत, आणि अपिलात वकील तिथंच धरतात. ती जागा सगळ्यांना दिसणारी, येण्याजाण्याची होती का? कुऱ्हाड सापडल्याबरोबर सील केली की ठाण्यात आणल्यावर? नागपूरच्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत मुद्देमाल कुठं होता, रजिस्टरमध्ये नोंद आहे का, नेणारा शिपाई साक्षीला आला का? तिच्यावरचं रक्त माणसाचं एवढंच कळलं, की मृताच्या गटाचं, की डीएनएनं मृताचंच ठरलं? आणि शेवटी पंच. तो कोर्टात येऊन म्हणतो, ‘मला काही माहीत नाही, माझी सही ठाण्यात घेतली.’ मग सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून स्वतःच त्याची उलटतपासणी घेतो. पंच फितूर झाला म्हणून पंचनामा आपोआप बाद होत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर न्यायालय तिच्यावर भिस्त ठेवू शकतं. मात्र साखळीत आधीच दोन दुवे कच्चे असतील तर तिसरा तिथं तुटतो.

सगळं वाचून झाल्यावर न्यायालयापुढं बरेच रस्ते असतात. शिक्षा कायम करता येते. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडता येतं. मोठा दोष राहिला असेल तर खटला नव्यानं चालवायला परत पाठवता येतो. शिक्षा वाढवायची तर सहसा सरकारचं वेगळं अपील लागतं, आणि आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय ते होत नाही. आणखी एक रस्ता आहे, जो गावाला सर्वांत कमी पटतो. खून शाबीत आहे, पण तो कायद्याच्या व्याख्येतला ‘खून’ आहे का? धुऱ्याच्या बांधावरून बाचाबाची झाली, राग डोक्यात गेला, हातातली काठी एकदाच पडली आणि माणूस गेला. ठरवून केलेलं नव्हतं, क्रूरपणा नव्हता, अचानक उठलेल्या भांडणाचा गैरफायदा घेतलेला नव्हता, तर गुन्हा 302 कलमातून 304मध्ये उतरतो आणि जन्मठेपेच्या जागी काही वर्षांची कैद होऊ शकते. 1 जुलै 2024पासूनच्या गुन्ह्यांना हीच कलमं भारतीय न्याय संहितेत 103 आणि 105 आहेत. ‘हायकोर्टानं शिक्षा कमी केली’ अशी बातमी येते, तेव्हा दया दाखवलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा शवविच्छेदनाच्या अहवालातल्या ‘एकच जखम’ या दोन शब्दांनी कलम बदललेलं असतं.

दोन पायऱ्या चढूनही चूक राहू शकते का? राहू शकते, आणि तीही महाराष्ट्रात राहिली आहे. जून 2003मध्ये एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला, एकाच घरात पाच माणसं मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना नाशिकच्या सत्र न्यायालयानं 2006मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं 2007मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील मान्य करून सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढं उघड झालं.

2014मध्ये घटनापीठानं ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विलोकन याचिका बंद खोलीत न वाचता खुल्या न्यायालयात ऐकायची. त्या दारातून हे प्रकरण पुन्हा आत आलं, जुना निकाल मागे घेतला गेला आणि अपील नव्यानं ऐकलं गेलं. तेव्हा रेकॉर्डमधलाच एक कागद पुढं आला. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार जणांना ओळखलं होतं, आणि ते चौघे आरोपींत नव्हतेच. 5 मार्च 2019ला न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकलेल्या तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. तोवर जवळपास 16 वर्षं गेली होती. कागद पहिल्यापासून गठ्ठ्यात होता. तो वाचून त्याचा अर्थ लावायला तीन न्यायालयं कमी पडली.

मेलेल्याच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न इथं येणारच. पूर्वी आरोपी सुटला तर अपील करायचं की नाही हे फक्त सरकार ठरवायचं. 31 डिसेंबर 2009पासून पीडिताला, म्हणजे मृताच्या कायदेशीर वारसांनाही, सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. पण तो चढ जास्त खडा आहे. निर्दोष ठरलेल्या माणसाच्या बाजूनं दोन गृहीतकं उभी असतात: सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष, आणि यानं तर खटला पार केला आहे. सत्र न्यायाधीशांचं मत पटण्याजोगं असेल, तर केवळ दुसरं मतही शक्य आहे म्हणून उच्च न्यायालय निकाल फिरवत नाही.

शिक्षा रद्द झाली की गावात बोललं जातं, ‘वर्ध्यानं शिक्षा दिली, नागपूरनं सोडलं.’ जणू दोन न्यायालयांचा स्वभावच वेगळा. पण दोन्हीकडे कागद तेच असतात. वर्ध्यात ते जिवंत माणसांच्या गर्दीत वाचले जातात, नागपुरात शांतपणे, एकामागून एक. गर्दीत झाकलेली भोकं शांततेत दिसू लागतात. मुळात ती पडलेली असतात पहिल्या दिवशी, घटनास्थळी.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे तपासाच्या आणि खटल्याच्या कार्यपद्धतीच्या कायद्यानं, ही गोष्ट ओळखलेली दिसते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावं लागतं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जावं अशी तरतूद आहे, ती टप्प्याटप्प्यानं लागू करायला राज्यांना मुदत दिली आहे. कॅमेऱ्यासमोर माती पुडीत भरली गेली तर ‘माझी सही ठाण्यात घेतली’ म्हणणं अवघड जाईल. पोलिसांनाही ठाण्यात सही घेणं अवघड जाईल.

तोवर डवरणीला निघालेल्या त्या गड्याला एवढंच सांगता येईल. जमादारानं कागद पुढं केला की वाचून दाखवायला लाव. माती तुझ्यासमोर भरली का, सील तुझ्यासमोर लावलं का, वेळ बरोबर लिहिली आहे का, ते बघ आणि मगच सही कर. एक दिवस त्या सहीवर नागपुरात बोट ठेवलं जाईल, आणि तेव्हा सांगायला तू तिथं नसशील.